तारेवरचे कलादालन

चित्रांचे प्रदर्शन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. प्रदर्शन म्हणजे तुम्ही घरी ज्याला नुमाइश म्हणता तेच. मुंबईत काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी आहे. ती १९५२ साली सुरू झाली. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात कलादालन आहे. अशा ठिकाणी गेलात, की बहुधा एक पाटी दिसते : 'कृपया चित्रांना हात लावू नये.' मग आपण हात मागे बांधतो, हळू आवाजात बोलतो आणि एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे जातो. कोपऱ्यात रखवालदार बसलेला असतो. त्याचे लक्ष चित्रांपेक्षा आपल्यावरच जास्त असते.

आता अशा एका कलादालनाची कल्पना करा, जिथे हात लावल्याशिवाय काहीच दिसत नाही. तिथे भिंती नाहीत, छप्पर नाही, रखवालदारही नाही. ते रात्री दोन वाजताही उघडे असते. कलावंताने ते संगणकाच्या पडद्यासाठी तयार केलेले असते आणि इंटरनेटच्या तारेवरून ते तुमच्यापर्यंत येते. पडद्यावर एखादे चित्र, एखादा शब्द किंवा नुसती काळी चौकट दिसते. तुम्ही तिच्यावर टिचकी मारली, तर पुढचे काही उघडते. टिचकी मारली नाही, तर ते कलादालन तसेच तुमची वाट पाहत राहते.

अशी कलादालने १९९० नंतरच्या दशकात निर्माण होऊ लागली. ती कशी वापरायची, ती बनवणाऱ्यांच्या मनात काय होते आणि त्यांतली पुष्कळशी आज का सापडत नाहीत, हे या पाठात पाहू.

प्रथम तारेविषयी थोडे सांगायला हवे. तार समजली नाही, तर ही कला समजणार नाही.

आमच्या मुळशी तालुक्यात मुळा नदीवर मोठे धरण आहे. ते बांधताना शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या, म्हणून १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. त्याची हकिकत फार मोठी आहे. ती तुम्ही इतिहासाच्या तासाला जरूर विचारा. या धरणाचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पलीकडे, खाली कोकणात, भिरा येथे उतरते आणि तिथे वीज तयार होते. धरणात पाणी कितीही असो, एका वेळी नळातून जाणारे पाणी नळाच्या रुंदीएवढेच असते. इंटरनेटच्या तारेचेही तसेच आहे. एका सेकंदात तारेतून जास्तीत जास्त किती मजकूर जाऊ शकतो, त्या मापाला बँडविड्थ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे एका कलाकृतीच्या नावातच तो येणार आहे.

भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी कंपनीने ते सुरू केले. तेव्हाचा हा नळ फारच अरुंद होता. संगणकाला मोडेम नावाची पेटी जोडलेली असे. ती टेलिफोनच्या तारेवरून पलीकडच्या संगणकाशी बोलत असे आणि बोलणे सुरू करताना चमत्कारिक किरकिर आवाज करत असे. घरातल्या कोणी मध्येच टेलिफोन उचलला, तर सारे बोलणे तुटत असे.

त्या काळातला एक मोडेम सेकंदाला १४,४०० बिट आणत असे. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला १,८०० बाइट झाले. ४५,००० बाइटचे लहानसे चित्र पडद्यावर उमटायला २५ सेकंद लागत. आज तुमच्या घरातल्या फोनने काढलेला एक फोटो सहज ३० लाख बाइटचा असतो. तो त्या मोडेमवरून आणायचा म्हटला, तर सुमारे २८ मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात चांदणी चौकातून सुटलेली बस पिरंगुटला पोहोचते, अर्थात वाटेत घाटात अडकली नाही तर.

यामुळे कलावंतांसमोर अडचण उभी राहिली. भिंतीवर टांगायचे मोठे रंगीत चित्र तारेवर चालणारे नव्हते. तेव्हा जिफ नावाची चित्रांची एक पद्धत वापरत. तिच्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. या पद्धतीत चित्र एकदम न येता आधी धूसर आणि मग हळूहळू स्पष्ट होईल, अशीही सोय होती. काही कलावंतांनी ही अडचणच कामाला लावली. चित्र उशिरा येते ना, मग ते उशिरा येणे हाच कलाकृतीचा भाग करून टाकू, असा त्यांनी विचार केला.

लिपीचीही गंमत होती. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे निघाली, तेव्हा ज्याचा त्याचा टंक वेगळा होता. तो टंक आपल्या संगणकावर नसेल, तर पडद्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसत. उर्दू मजकूर नस्तालिक वळणात दाखवायचा, तर तो छापून घेत, त्याचे चित्र करत आणि ते चित्र संकेतस्थळावर टाकत. म्हणजे उर्दू बातमी वाचणारा माणूस खरे तर एक चित्रच पाहत असे, आणि ते उतरेपर्यंत थांबत असे. सुंदर अक्षरासाठी थांबण्याची सवय तुमच्या वडीलधाऱ्यांना इथेही उपयोगी पडली!

आता एक कलाकृती प्रत्यक्ष वापरून पाहू. ती रशियातली आहे. ओलिया लियालिना या कलावंत स्त्रीने ती १९९६ साली केली आणि आजही ती इंटरनेटवर पाहता येते. एका मुलीचा मित्र युद्धावरून परत आला आहे. दोघे बऱ्याच दिवसांनी भेटले आहेत, पण काय बोलावे ते त्यांना सुचत नाही. एवढीच गोष्ट. पडदा काळा आहे. त्यावर एकमेकांकडे पाठ करून बसलेली दोन माणसे आणि एक छोटी खिडकी दिसते. तुम्ही टिचकी मारली, की चौकटीचे दोन भाग होतात. एका भागावर टिचकी मारली, की त्याचेही भाग होतात. एका चौकटीत एक प्रश्न, दुसरीत अर्धेमुर्धे उत्तर, तिसरीत धूसर चित्र. टिचक्या मारत गेलात, की चौकटी लहान लहान होत जातात आणि शेवटी एकेक करून काळ्या पडतात.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. उर्दूचे पुस्तक तुम्ही उजवीकडून वाचता, मराठीचे डावीकडून. या पानाला उजवी-डावी काहीच नाही. कोणती चौकट आधी उघडायची, हे तुम्ही ठरवायचे. तुम्ही आणि तुमची मैत्रीण एकाच पानासमोर बसलात, तरी दोघींच्या वाट्याला गोष्ट वेगळ्या क्रमाने येईल. कोणी आधी उत्तर वाचेल आणि मग प्रश्न. युद्धावरून आलेल्या माणसाशी बोलणे असेच तुटक होत असेल, नाही का? लेखिकेने ते वर्णन करून सांगितले नाही; तुमच्याच बोटांकडून करवून घेतले.

आता मुंबईला येऊ. शिल्पा गुप्ता या कलावंत स्त्रीचा जन्म मुंबईत १९७६ साली झाला. सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि १९९७ साली त्या पदवीधर झाल्या. शिल्पकार म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर छिन्नी आणि हातोडा येतो. पण याच वर्षांत मुंबईत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघत होते. तासाच्या हिशेबाने पैसे देऊन लोक तिथे संगणकासमोर बसत. परदेशात नोकरीला गेलेल्या मुलाला ई-मेल पाठवायला आईवडील येत. शिल्पा गुप्तांनी या नव्या वस्तूकडे कलेचे सामान म्हणून पाहिले.

२००१ साली त्यांनी 'सेंटिमेंट एक्स्प्रेस' नावाची कलाकृती केली. पडदा लावलेली एक छोटी खोली, आत संगणक. तुम्ही आत जायचे आणि आपल्या प्रिय माणसाला लिहायचे पत्र तोंडी सांगायचे. ते इंटरनेटवरून भारतात येणार, इथे कोणीतरी ते कागदावर हाताने उतरवणार आणि टपालाने पाठवणार. मुंबईच्या मोठ्या पोस्टाजवळ पूर्वी पत्रलेखक बसत. गावाकडून आलेले मजूर त्यांना सांगत आणि ते लिहून देत. उर्दूत अशा माणसाला आपण मुन्शी म्हणू. इथे तोच मुन्शी समुद्रापलीकडच्या माणसासाठी लिहितो आहे. दूरच्या माणसाला पत्र लिहायला वेळ नाही, म्हणून त्याने आपल्या मनातली गोष्टसुद्धा दुसऱ्या देशातल्या, कमी मजुरीच्या हाताकडे सोपवली.

ही कलाकृती आमच्या भागात चटकन समजावी. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. भाताची खाचरे होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत परदेशी कंपन्यांची कामे तारेवरून येतात. रात्री शेकडो मोटारी कामगारांना घेऊन जातात, कारण आपली रात्र म्हणजे अमेरिकेचा दिवस. हिशेब लिहिणे, तक्रारी ऐकणे, दुरुस्त्या करणे ही कामे दुसऱ्याकडे सोपवली, तर कोणाला काही वाटत नाही. पण प्रेमाचे पत्र? ते सोपवता येईल का? कलावंताने उत्तर दिलेले नाही. खोलीत शिरून जो बोलू लागला, त्याने ते दिले.

दोन वर्षांनी, २००३ साली, लंडनच्या टेट या प्रसिद्ध कलासंग्रहालयाने आपल्या संकेतस्थळासाठी शिल्पा गुप्तांकडून एक कलाकृती करवून घेतली. तिचे नाव 'ब्लेस्ड बँडविड्थ'. बँडविड्थ म्हणजे काय, ते आपण पाहिलेच. ब्लेस्ड म्हणजे आशीर्वाद मिळालेली, दुआ मिळालेली. संगणकाला जोडतात तशी साधी केबल घेऊन त्या निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी गेल्या आणि तिला तिथे आशीर्वाद मिळवला. मग संकेतस्थळ उघडले. तिथे जाणाऱ्याने आपला धर्म निवडायचा आणि तारेवरून आशीर्वाद घ्यायचा.

वर्गात हे सांगितले, तर काही मुले हसतील. काहींना ते बरे वाटणार नाही; दुआ ही काय केबलमधून येणारी वस्तू आहे, असे ती म्हणतील. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. मात्र तुम्ही ती वापरत असता, तेव्हा नेमके काय करता, इकडे लक्ष द्या. पडद्यावर धर्मांची नावे आहेत. तुमचे बोट एका नावाकडे जाते. क्षणभर थांबून तुम्ही विचार करता : दुसऱ्या नावावर टिचकी मारली तर? कोण पाहते आहे? तार तर सगळ्यांसाठी एकच आहे.

ही कलाकृती २००३ ची आहे. आदल्या वर्षी, २००२ मध्ये, गुजरातमध्ये दंगली झाल्या होत्या. धर्म विचारून माणसाला मारले जात होते. 'तुझा धर्म कोणता?' हा प्रश्न रस्त्यात विचारला जाणे आणि तोच प्रश्न पडद्यावर सहज, एखाद्या दुकानातल्या वस्तूसारखा समोर येणे, यांत किती अंतर आहे! मला या कलाकृतीत हे अंतर जाणवते. तुम्हाला आणखी काही जाणवेल. भिंतीवरचे चित्र तुम्हाला तुमचा धर्म विचारत नाही. हे विचारते, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

याच सुमारास आणखी एक काम चालू होते. त्याचे नाव 'आर-पार'. हा शब्द मराठीलाही आपला वाटतो आणि उर्दूलाही. शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानच्या कलावंत हुमा मुलजी या दोघींनी मिळून ते केले. दोन्ही देशांतल्या कलावंतांनी चित्रे करायची आणि ती पलीकडच्या देशात, कलादालनात न ठेवता, रस्त्यावरच्या लोकांपर्यंत न्यायची, अशी योजना होती. २००० साली त्याची सुरुवात झाली.

डिसेंबर २००१ मध्ये दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी राहिली. जानेवारी २००२ पासून समझोता एक्स्प्रेस बंद, दिल्ली-लाहोर बस बंद, विमानेही बंद. मुंबईतल्या कितीतरी घरांत कराचीला नातेवाईक आहेत. कोणाची खाला तिकडे, कोणाचा चुलत भाऊ. त्यांना लग्नाला जाता येईना, मयतीलाही जाता येईना. चित्राची चौकट कशी जाणार?

पण ई-मेल चालू होती. २००२ साली 'आर-पार'मधली चित्रे ई-मेलने गेली. मुंबईच्या कलावंताचे चित्र पलीकडे छापले गेले आणि पलीकडच्या कलावंताचे मुंबईत. कागदावर छापलेली ही चित्रे भिंतींवर आणि लोकांच्या हातांत पोहोचली. चहा पिता पिता एखाद्याने ते चित्र पाहिले असेल, घडी घालून खिशात ठेवले असेल. जिथे माणसाला परवाना मिळत नव्हता, तिथे काही हजार बाइट विनापरवाना पोहोचले. मला विचाराल, तर तारेवरच्या कलेचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे नाही. आणि त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. सायबर कॅफेतल्या साध्या संगणकावर जे काम होत होते, तेच इथे झाले.

आता तुम्ही स्वतः अशी कलाकृती उघडाल, तेव्हा काय करावे? घाई करू नका, हे पहिले. आपल्याला आजकाल सारे चटकन उघडण्याची सवय झाली आहे. पान रिकामे दिसले, तर पंधरा-वीस सेकंद थांबा. कदाचित रिकामे पान हीच सुरुवात असेल. मग माउसचा बाण सगळ्या पडद्यावर सावकाश फिरवा. बाणाच्या जागी बोटाची खूण आली, की तिथे दुवा आहे असे समजा. त्या काळातल्या कलावंतांना दुवा लपवून ठेवायला आवडत असे. कधी एखाद्या अक्षरात, कधी चित्रातल्या माणसाच्या डोळ्यात. जे उघडेल, ते कुठून उघडले ते वहीत लिहा. नंतर मागे येऊन दुसरी वाट धरा. एखादे संकेतस्थळ तुमचे नाव, पत्ता, फोन नंबर विचारू लागले, तर ते खरे भरू नका, मग ते कलेसाठी का विचारीत असेना. कलावंताला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, तसा तुम्हाला न सांगण्याचाही आहे.

मात्र पुष्कळदा असे होईल, की तुम्ही पत्ता लिहाल आणि पान सापडतच नाही, असा निरोप येईल.

कागद शंभर वर्षे टिकतो. जुन्या हस्तलिखितांचा कागद तर त्याहून किती तरी जुना आहे. पण इंटरनेटवरची पंचवीस वर्षांपूर्वीची कलाकृती आज दिसेल, याची खात्री नाही. संकेतस्थळाच्या नावाचे भाडे दरवर्षी भरावे लागते. ते भरायचे राहिले, की नाव दुसऱ्याच्या हाती जाते. १९९० च्या दशकात जिओसिटीज नावाच्या कंपनीने लोकांना फुकट जागा दिली होती. तिथे लाखो लोकांनी आपली पाने मांडली. २००९ साली कंपनीच्या नव्या मालकांनी ती बंद केली. कधी जागा राहते, पण यंत्र बदलते. हलती चित्रे आणि आवाज दाखवण्यासाठी तेव्हाचे पुष्कळ कलावंत फ्लॅश नावाचा प्रोग्राम वापरत. तो बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २०२० च्या शेवटी त्याची साथ सोडली. त्यानंतर हजारो कलाकृती जागच्या जागी मुक्या झाल्या. पुस्तक कपाटात आहे, पण ते वाचायची लिपीच जगातून गेली, असा हा प्रकार. रफल नावाचा एक नवा प्रोग्राम जुन्या फ्लॅशची नक्कल करतो आणि त्यातल्या बऱ्याच कलाकृतींना पुन्हा बोलते करतो, पण सगळ्यांना नाही.

या हरवलेल्या पानांचा एक मोठा साठा अमेरिकेत आहे. ब्रूस्टर केल नावाच्या गृहस्थांनी १९९६ साली इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था काढली. तिचे संगणक जगभरची संकेतस्थळे उघडतात आणि त्यांची प्रत करून तारखेसह ठेवतात. २००१ पासून हा साठा सर्वांना पाहता येतो. त्या सोयीला वेबॅक मशीन म्हणतात. ती वापरायला पैसे लागत नाहीत. शाळेच्या संगणक कक्षात ती उघडा. वरच्या चौकटीत जुन्या संकेतस्थळाचा पत्ता लिहा. वर्षांची एक पट्टी दिसेल. एक वर्ष निवडा, म्हणजे खाली त्या वर्षाचे कॅलेंडर येईल. ज्या तारखांवर रंगीत ठिपके आहेत, त्या दिवशी पानाची प्रत घेतलेली आहे. ठिपक्यावर टिचकी मारा. पान उघडेल, पण बहुधा अर्धवट. अक्षरे असतील आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट असेल. त्या चौकटीत कधी कधी चित्राचे नाव तेवढे शिल्लक राहिलेले असते. ते नाव वहीत लिहून घ्या आणि मागे-पुढे आणखी दोन-चार तारखांवर टिचकी मारून पाहा. एका तारखेला हरवलेले चित्र पुष्कळदा दुसऱ्या तारखेच्या प्रतीत सापडते.